छाटणीआधी सेन्सर सामाईक करायचे तर

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे आणि द्राक्षपट्ट्यातल्या दहा-बारा बागायतदारांनी, सल्लागारानं आणि शेतकरी कंपनीनं मिळून जमिनीतला आणि पानांवरचा ओलावा मोजणारे एकाच जाळ्यातले सेन्सर वापरायचे ठरवलंय. मग खरेदीआधी एवढं ठरवा: सेन्सर किती मिनिटांनी बोलणार आणि ते कोण ठरवणार? डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं सल्लागाराला पानांच्या ओलाव्याचा आकडा दर 15 मिनिटांनी हवा असतो, पाणी सोडणाऱ्याला तासाला एकदा पुरतो. दोघांनी सेन्सरला वेगवेगळं विचारायचं नाही. त्यानं एकदाच मोजून सर्व्हरवर पाठवायचं, तिथून ज्यानं त्यानं आपल्या गरजेपुरतं उचलायचं. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त घाई, तोच सगळ्यांची बॅटरी खातो. सेलच्या खर्चात त्याचा वाटा मोठा असावा, असं माझं स्पष्ट मत.

आता हिशोब कागदावर मांडा. लोरावॅन या लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओ जाळ्यावर दहा बाइटचा निरोप गेटवेजवळचा (सेन्सरचे निरोप झेलून सर्व्हरला देणारी पेटी म्हणजे गेटवे) सेन्सर सुमारे 60 मिलिसेकंदांत पाठवतो, पार लांबच्याला त्याच निरोपाला दीड सेकंद लागतो. दिवसाचे 96 निरोप धरले तर जवळच्याचे सहा सेकंद, लांबच्याचे 144. ॲमस्टरडॅममध्ये 2015 साली सुरू झालेल्या ‘द थिंग्ज नेटवर्क’च्या फुकट जाळ्यात एका उपकरणाला निरोप पाठवायला दिवसाला 30 सेकंदच मिळतात, त्यात लांबचा बसत नाही. लांबच्याचाही निरोप झटपट पोचावा म्हणून गेटवे उंचावर हवा. गावची पाण्याची टाकी उत्तम, पण ग्रामपंचायतीचं लेखी पत्र घ्या आणि लोडशेडिंगसाठी बॅटरी जोडा. माल 865 ते 867 मेगाहर्ट्झचाच मागा, युरोपसाठीचा 868 चा नको.

गेटवे शेजाऱ्याच्या मळ्यात असला तरी त्याला तुमचे आकडे वाचता येत नाहीत, कारण ते निघतानाच कुलूपबंद होतात. किल्ली सर्व्हरवर असते, तेव्हा सर्व्हर कोणाच्या हाती द्यायचा याचा विचार करा. स्वतःचा चालवायचा तर चर्पस्टॅक या लोरावॅन सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचं खातं वेगळं काढता येतं. बहुतेकांना नुसतं बघायचा हक्क द्या. व्हॉल्व्ह उघडायचा हुकूम एकाच माणसाकडे ठेवा. साधं बॅटरीवरचं उपकरण, सेन्सर असो की व्हॉल्व्ह, स्वतः बोलल्यावरच क्षणभर ऐकतं, त्यामुळे हुकूम त्याच्या पुढच्या निरोपापर्यंत थांबतो, हेही त्याला सांगून ठेवा.

घड्याळ तपासा. सर्व्हर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ (यूटीसी) धरत असेल तर रात्री साडेबाराला भिजलेलं पान आदल्या तारखेला दिसतं आणि फवारणीचा हिशोब चुकतो.

काळ्या जमिनीत भेगा पडल्या की प्रोबभोवती (ओलावा मोजायला जमिनीत खुपसलेल्या दांड्याभोवती) हवा शिरते आणि ओली जमीन कोरडी दिसते, म्हणून प्रोब चिखलात घट्ट बसवा. पानांचा सेन्सर छाटणीपूर्वी काढून घ्या, फूट वाढली की पुन्हा पानांत लावा. काढणं जमलं नाही तर मजुरांना वायर तरी दाखवा, कात्रीत पहिली तीच सापडते.