हाताचा जोर कमी करा: कामाच्या घाईत वू-वेइ कसं वापरायचं

जानेवारीत गड्डा यात्रा सुरू झाली की सोलापुरात आलेला पाहुणा कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतल्याशिवाय परत जात नाही. आम्ही घरून भाकरी करून देतो, त्यामुळे त्या दिवसांत पहाटेपासून फोन सुरू असतो. एवढ्या घाईत डोकं ठिकाणावर कसं राहतं, असं बायका विचारतात. मला ज्याचा खरोखर उपयोग झाला, ते इथे लिहिते.

चीनमध्ये ताओवादी विचारात ‘वू-वेइ’ म्हणून एक गोष्ट आहे. लाओत्सेच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या ८१ छोट्या प्रकरणांच्या ग्रंथात ती पुन्हा पुन्हा येते. हात बांधून बसा, असं त्यात कुठेच सांगितलेलं नाही. काम करायचंच, फक्त कामाचा कल जिकडे आहे त्याच्या उलट जोर लावायचा नाही.

च्वांग त्झू या दुसऱ्या ताओवादी विचारवंताच्या ग्रंथातली खाटकाची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. तो राजाला सांगतो की साधा खाटीक महिन्याला सुरी बदलतो, कारण तो हाडावर घाव घालतो. चांगला खाटीक वर्षाला बदलतो. तो म्हणतो, माझी सुरी १९ वर्षं चालली आहे आणि धार नव्यासारखी आहे, कारण मी सांध्यातली फट शोधतो. इथपर्यंत सगळे सांगतात, पुढचं मात्र गाळतात. जिथे गुंता येतो तिथे तो थांबतो, नजर रोखतो, हात अगदी हळू करतो आणि सुरी जराशीच हलवतो. सगळी मेख या हळू होण्यात आहे.

भाकरीचंही असंच. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग कितीही मळा, कितीही दाबून थापा, कडेला चिरा पडतात आणि उचलताना भाकरी तुटते. नवी मुलगी कामाला आली की ती हमखास जोर वाढवते. सासूबाई तिचा हात धरायच्या आणि म्हणायच्या, “अगं, पिठात विरी नाही, तुझा जोर काय करणार? आधण ठेव.” उकळतं पाणी घालून पीठ उकडून घेतलं की तेच पीठ मऊ येतं आणि बोटांच्या टोकांनी फिरवत फिरवत पातळ थापता येतं. म्हणून काम अडलं की जोर वाढवण्याआधी दोन्ही हात काठवटीतून बाहेर काढा आणि अडलंय कुठे ते बघा. खांदे कानाला लागले असतील, दात आवळले असतील, तर अडलंय हे नक्की समजा. आधी खांदे सोडा, मग पुढचं ठरवा.

आता हे रोजच्या जगण्यात. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं आणि येण्याची वेळही बदलते. पूर्वी घरातलं कुणी ना कुणी रात्रभर जागं राहायचं. आता मी तोटी उघडी ठेवते आणि खाली पत्र्याची रिकामी बादली ठेवते. पाणी आलं की बादली वाजते, मी उठते आणि भरून घेते. जागल्याने पाणी लवकर येत नाही. ज्याची वेळ आपल्या हातात नाही, त्यासाठी अशी एखादी खूण लावून ठेवा आणि झोपा.

उन्हाळ्याचंही तसंच करा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारी चुलीपुढे बसलं की घरात भांडणं होतातच. थापायचं काम पहाटे उरका; दुपारी चटणी पुड्यांत भरण्यासारखं हलकं काम ठेवा. अवघड काम सोपं असतानाच हाती घ्यावं, असं त्या ग्रंथाच्या ६३व्या प्रकरणात आहे. मी त्याचा अर्थ असा घेते की मोठी ऑर्डर आली की त्याच दिवशी ज्वारी निवडून दळायला टाकायची. आदल्या रात्री गिरणीपुढे उभं राहायची वेळच येत नाही, आणि पीठ ताजं असल्यामुळे विरीचा प्रश्नही उरत नाही.

“झालं का, झालं का” म्हणणारी गिऱ्हाइकं असतात. त्यांना एकच वेळ सांगा, तीही जरा सैल. भाकरी तव्यावर असताना फोन उचलू नका. मुलांच्या अभ्यासाचंही थोडक्यात सांगते: त्यांच्या शेजारी आपलं काम घेऊन बसा, तोंडाने काही म्हणू नका.

पण एक गोष्ट कळकळीने सांगते. अन्याय सोसणं म्हणजे वू-वेइ नव्हे. कुणी पैसे बुडवत असेल तर मागा, ठामपणे मागा. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर मन शांत करायच्या खटपटीत वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. माझी जाऊ सारखी चिडचिड करायची, आम्ही सगळे तिला शांत राहा म्हणायचो. तपासणीत थायरॉइड निघालं. आता ती रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते आणि नंतर चुलीशी बसते.