पावसाळी सल्ला: फुलपाखरांसाठी आधी पाल्याची झाडं लावा

पाऊस स्थिरावला की रोपवाटिकेत झुंबड उडते ती फुलझाडांसाठी. झेंडू, झिनिया, पेंटास लावले की फुलपाखरं येतात हे खरं, पण मध पिऊन निघूनही जातात. ती बागेत नांदायची तर मादीला अंडी घालायला जागा हवी, आणि त्या बाबतीत प्रत्येक जात भलतीच चोखंदळ असते. म्हणून यंदा निम्मी जागा सुरवंटांच्या खाद्याला द्या.

कढीपत्ता आणि कागदी लिंबू परसात बहुधा असतातच. लिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, पिवळसर गोल अंडं दिसलं तर ते लिंबाच्या फुलपाखराचं समजा. लहानपणी हा सुरवंट हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, मोठा झाला की हिरवा होतो. डिवचलात तर डोक्यामागून तांबूस दुभंगलेलं शिंग काढतो आणि उग्र वास सोडतो. घाबरू नका, तो डसत नाही. मात्र वर्षाच्या आतली रोपं तो पार ओकीबोकी करतो. अशा वेळी फवारा मारण्याऐवजी हाताने उचलून जुन्या, मोठ्या लिंबावर सोडा. त्या झाडाला चार पानं गेल्याचं कळतही नाही. राज्याने २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला ते ब्लू मॉर्मनही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतं. कोकणात किंवा घाटमाथ्याला असाल तर एखादं पपनस जरूर लावा.

बांधावरची रुई तोडू नका, तीवर प्लेन टायगर हे फुलपाखरू वाढतं. हळदीकुंकू नावाचं फुलझाडही त्याला चालतं, पण दोन्ही झाडं विषारी. शेळ्या पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवा आणि चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. कुंपणावर कृष्णकमळ आणि ईश्वरीचा वेल चढवा. ईश्वरी औषधी रोपवाटिकेतून घ्या, रानातून उपटून आणू नका. टाकळा तर आपोआप उगवतोच. भाजीपुरता खुडून उरलेला पिवळ्या फुलपाखरांना राहू द्या.

मधासाठी एकेरी पाकळ्यांची फुलं निवडा. गेंदेदार संकरित झेंडू दिसायला झोकदार, पण त्यात सोंड घालायला फुलपाखराला वाव कमी. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात, तरी ती लावू नका. रानात पसरली की आवरत नाही. जागा दिवसातून पाच-सहा तास उन्हाची आणि वाऱ्याच्या आडोशाची असावी. पावसाने उघडीप दिली की एका कोपऱ्यातली माती ओली ठेवा, नर तिथे क्षार शोषायला बसतात.

रोप विकत घेताना कीटकनाशक कधी मारलं ते विचारा. आंतरप्रवाही, म्हणजे रोपाच्या आत भिनणारं औषध पानात बराच काळ राहतं आणि सुरवंट त्याने मरतात. निंबोळी अर्क किंवा बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) ‘जैविक’ आहे म्हणून इथे बिनधास्त वापरू नका, अळी ती अळीच.

दिवाळीआधी बाग साफ करताना फांद्या नीट पाहूनच छाटा. काडीला धाग्याने बांधल्यासारखा हिरवा-तपकिरी कोष दिसला तर ती फांदी आठ-दहा दिवस तशीच ठेवा.