प्रश्न आधी, आलेख नंतर: सहावी ते आठवीच्या मुलांनी आलेख कसे काढावेत

आलेख कागद समोर आला की मुले लगेच अक्ष आखायला घेतात. त्यांना तिथेच थांबवा. आधी वहीत एक पूर्ण वाक्य लिहू द्या: आपल्याला काय शोधायचे आहे? ‘वर्गातली मुले शाळेत कशी येतात?’, ‘गोव्याची लोकसंख्या कशी वाढत गेली?’, ‘वर्गात बहुतेकांची उंची किती आहे?’ हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा आलेखही वेगळा आहे. प्रश्न नीट लिहिला की कोणता आलेख काढायचा हे निम्मे तिथेच ठरते.

गोव्यात पाचवीपासून बहुतेक मुले गणित इंग्रजीतून शिकतात. शाळेतला बार ग्राफ म्हणजे स्तंभालेख, लाइन ग्राफ म्हणजे रेषालेख, पाय चार्ट म्हणजे वृत्तालेख आणि हिस्टोग्राम म्हणजे आयतालेख. खाली मराठी नावेच वापरली आहेत.

पायरी १ : मोजणी

समजा, ४० मुलांच्या वर्गात ‘शाळेत कसे येता?’ असे विचारायचे आहे. फळ्यावर प्रकार लिहा: बालरथ (शाळेची बस), चालत, दुचाकी, प्रवासी बस, फेरीबोट. मग एकेक मूल उत्तर देईल तशी ताळ्याची खूण करा. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावरून तिरकी, म्हणजे शेवटी पाच-पाचच्या जुड्या मोजता येतात.

इथे एक अडचण हमखास येते. दिवाडीहून येणारे मूल फेरीने मांडवी ओलांडते आणि पुढे बसने जाते. त्याची खूण कुठे करायची? दोन्हीकडे केली तर बेरीज ४१ होईल. म्हणून मोजणीआधीच नियम ठरवा आणि तो सारणीखाली लिहून ठेवा, उदाहरणार्थ ‘ज्या वाहनाने सर्वांत जास्त अंतर कापले ते धरायचे’. मुलांना या नियमावर भांडू द्या. सांख्यिकीतला खरा विचार याच भांडणात होतो, स्तंभ रंगवताना होत नाही.

मोजणीत हे आकडे आले असे धरू: बालरथ १६, चालत १०, दुचाकी ८, प्रवासी बस ४, फेरीबोट २. बेरीज ४०. बेरीज जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही.

पायरी २ : चित्रालेख

हा पाचवी-सहावीपुरता. एक दप्तर म्हणजे २ मुले असे प्रमाण घेतले तर ओळीत ८, ५, ४, २ आणि १ दप्तर येईल. सगळी चित्रे एकाच आकाराची काढा आणि प्रमाण आलेखाजवळच लिहा, एवढे पाळले की झाले.

पायरी ३ : स्तंभालेख आणि प्रमाण

हेच आकडे आता आलेख कागदावर घ्या. आडव्या अक्षावर येण्याचे प्रकार, उभ्या अक्षावर मुलांची संख्या. प्रमाण ठरवताना सर्वांत मोठी संख्या बघा. ती १६ आहे. १ सेमी = २ मुले घेतले तर स्तंभांची उंची ८, ५, ४, २ आणि १ सेमी येते; कागदावर आरामात बसते आणि वाचायलाही सोपी. १ सेमी = ३ मुले असे प्रमाण घेतले तर ३.३ सेमीसारख्या उंची मोजत बसावे लागेल. १, २, ५, १० आणि त्यांच्या शेवटी शून्ये लावून येणाऱ्या संख्या प्रमाणाला सोयीच्या.

सगळ्या स्तंभांची रुंदी सारखी, मधली अंतरेही सारखी. प्रकारांना स्वतःचा क्रम नसेल तर उंच स्तंभ आधी ठेवा. तुलना नजरेत भरते.

आता सर्वांत महत्त्वाचे. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. २०११च्या जनगणनेत गोव्यातील पुरुषांची साक्षरता ९२.६५ टक्के आणि स्त्रियांची ८४.६६ टक्के होती. मुलांकडून याचे दोन आलेख काढून घ्या. पहिल्यात अक्ष शून्यापासून आणि १ सेमी = १० टक्के; उंची साधारण ९.३ आणि ८.५ सेमी. दुसऱ्यात अक्ष ८० पासून आणि १ सेमी = १ टक्का; उंची साधारण १२.७ आणि ४.७ सेमी. आकडे तेच, पण दुसऱ्या कागदावर पुरुषांचा स्तंभ स्त्रियांच्या अडीचपटीहून उंच दिसतो. स्तंभाची लांबी हीच त्याची किंमत असते, म्हणून तो खालून कापला की आलेख खोटे बोलतो. टीव्हीवर आणि वर्तमानपत्रात असे कापलेले स्तंभ बरेच दिसतात. मुलांना ते शोधायला लावा, आणि सापडलेला आलेख शून्यापासून पुन्हा काढायला सांगा.

दोन गोष्टींची एकत्र तुलना करायची असेल तर जोडस्तंभालेख. उत्तर गोव्याची लोकसंख्या २००१ मध्ये ७.५९ लाख होती, २०११ मध्ये ८.१८ लाख झाली. दक्षिण गोव्याची ५.८९ लाखांवरून ६.४१ लाखांवर गेली. प्रत्येक जिल्ह्याचे दोन स्तंभ एकमेकांना चिकटून काढा, दोन जिल्ह्यांमध्ये मोकळी जागा सोडा. कोणता रंग कोणत्या वर्षाचा ही सूची कोपऱ्यात द्या.

पायरी ४ : रेषालेख

काळानुसार काय बदलले हे दाखवायचे असेल तर रेषालेख. जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या अशी: १९७१ मध्ये ७.९५ लाख, १९८१ मध्ये १०.०८, १९९१ मध्ये ११.७०, २००१ मध्ये १३.४८ आणि २०११ मध्ये १४.५९ लाख. आडव्या अक्षावर २ सेमी = १० वर्षे, उभ्यावर १ सेमी = १ लाख. पाच बिंदू मांडा आणि क्रमाने पट्टीने जोडा. रेषा १९७१ ते १९८१ मध्ये सर्वांत तीव्र चढते, २००१ ते २०११ मध्ये सर्वांत कमी. मुलांना विचारा, ‘लोकसंख्या कमी झाली का?’ बरीच मुले हो म्हणतील. वाढ मंदावणे आणि संख्या घटणे यांतला फरक रेषेच्या चढावर बोट ठेवून दाखवता येतो.

रेषालेखात चढ-उतार वाचायचे असतात, म्हणून उभा अक्ष शून्यापासून नसला तरी चालते. मात्र आरंभबिंदूजवळ अक्षसंकोचाची, म्हणजे अक्षाचा मधला भाग गाळला आहे हे सांगणारी, नागमोडी खूण करायलाच हवी. २०२१ची जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे रेषा २०११ वर थांबवा. पुढचा भाग अंदाजाने ओढू नका.

दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बांगड्याचा भाव विचारून रेषालेख काढणे हा छान प्रकल्प आहे. एखाद्या शुक्रवारी बांगडा आलाच नाही तर काय मांडायचे? पुष्कळ मुले शून्यावर बिंदू देतात. भाव शून्य म्हणजे बांगडा फुकट मिळाला! त्या तारखेची जागा अक्षावर ठेवा, बिंदू देऊ नका आणि रेषा तिथे तोडा.

पावसाचे याच्या उलट. ज्या दिवशी पाऊस पडला नाही त्या दिवसाचा शून्य खरा असतो, तो मांडलाच पाहिजे. सरळ भिंतींची, सपाट बुडाची बरणी उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. हवामान खातेही चोवीस तासांचा पाऊस सकाळी ८.३० लाच मोजते. मोजून झाले की बरणी रिकामी करा. हा पाऊस स्तंभांनी दाखवावा, कारण प्रत्येक आकडा त्या-त्या दिवशी साठलेल्या पाण्याचा आहे. तापमान मात्र अखंड बदलत राहते, त्याला रेषा शोभते.

पायरी ५ : वृत्तालेख

एका पूर्ण गोष्टीचे वाटे दाखवायचे असतील तरच वर्तुळ काढा. आपल्या ४० मुलांना ३६० अंश वाटायचे, म्हणजे दर मुलाला ९ अंश. बालरथ १४४, चालत ९०, दुचाकी ७२, बस ३६, फेरी १८. बेरीज ३६०. कंपासने वर्तुळ काढून एक त्रिज्या आखा आणि तिच्यापासून पहिला कोन मोजा. दुसरा कोन मोजताना कोनमापक नव्या त्रिज्येवर ठेवायचा. मुले तो जुन्याच त्रिज्येवर ठेवतात आणि वाटे एकमेकांवर चढतात, याकडे लक्ष द्या.

२०११ मध्ये गोव्याचे ६२.१७ टक्के लोक शहरी भागात राहत होते. टक्केवारीला ३.६ ने गुणले की अंश मिळतात: सुमारे २२४. अर्धवर्तुळी कोनमापकावर एवढा कोन नाही, म्हणून ग्रामीण भागाचा १३६ अंशांचा कोन मोजा; उरलेला आपोआप शहरी.

एका मुलाला दोन उत्तरे द्यायची मुभा असेल तर वृत्तालेख काढता येत नाही, कारण टक्क्यांची बेरीज शंभरावर जाते. वाटे जवळजवळ सारखे असतील तरीही स्तंभालेखच बरा. २० आणि २२ टक्क्यांच्या फोडींतला फरक डोळ्याला कळत नाही.

पायरी ६ : आयतालेख

हा स्तंभालेखासारखा दिसतो, पण इथे आडव्या अक्षावर प्रकारांऐवजी मापे असतात. उंचीचे वर्ग, म्हणजे गट, समजा असे आले: १३५–१४० सेमीमध्ये ४ मुले, १४०–१४५ मध्ये ९, १४५–१५० मध्ये १३, १५०–१५५ मध्ये १०, १५५–१६० मध्ये ४. बरोबर १४५ सेमी उंचीचे मूल १४५–१५० मध्ये धरायचे, १४०–१४५ मध्ये नाही. आयतांमध्ये जागा सोडायची नाही, कारण एक वर्ग संपतो तिथेच पुढचा सुरू होतो. आडवा अक्ष १३५ पासून सुरू होत असल्याने त्यावर अक्षसंकोचाची खूण करा. उभा अक्ष मात्र शून्यापासूनच. आयतांचा क्रमही उंचीनुसारच राहतो, मोठा आधी असे करता येत नाही.

पायरी ७ : दुसऱ्याला वाचायला द्या

शीर्षक, दोन्ही अक्षांची नावे, प्रमाण, आणि माहिती कुठली व कोणत्या वर्षाची, हे सगळे कागदावरच लिहा. मग वर्गाबाहेरच्या कुणाला तरी आलेख दाखवा आणि काही न सांगता सुरुवातीला वहीत लिहिलेला प्रश्न विचारा. त्यांना उत्तर सापडले नाही तर आधी प्रमाण तपासा, मग आलेखाचा प्रकार. संगणकावरची स्प्रेडशीट हे सगळे क्षणात काढते, पण ती कधीकधी अक्ष आपल्या मर्जीने मधूनच सुरू करते. स्तंभालेख असेल तर सेटिंगमध्ये जाऊन किमान किंमत शून्य करून घ्या.