कुस्ती कंपनीची सूत्रे माजी मल्लाकडे सोपवताना

गोव्यात व्यावसायिक कुस्तीची, म्हणजे निकाल आधीच ठरवून रंगवल्या जाणाऱ्या लढतींची, कंपनी उभारताना तिची सूत्रे माजी मल्लाकडे द्यावीत का, हे ठरवण्यापूर्वी स्वतः बाजूला होऊन दुसऱ्याला मोठे करण्याची त्याची तयारी आहे का, हे तपासावे. आमच्या फोंड्याकडच्या उत्सवी नाटकांत मंडळ चालवणारा नटच वर्षानुवर्षे नायकाची भूमिका अडवून बसला, की तरुण नट दुसऱ्या वाड्यावरच्या मंडळात जातात. अमेरिकेतील एडब्ल्यूए या कुस्ती कंपनीचे सहसंस्थापक आणि मल्ल व्हर्न गान्ये १९८१ मध्ये निवृत्त झाले, तेव्हाही अजिंक्यपद त्यांच्याकडेच होते. पुढे १९८३ च्या अखेरीस मल्ल हल्क होगन ती कंपनी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला. याउलट, १९७२ मध्ये जपानमध्ये ऑल जपान ही कुस्ती कंपनी स्थापन करणारे मल्ल जायंट बाबा यांनी उतारवयात स्वतःकडे हलक्याफुलक्या लढती ठेवून तरुण मल्ल मित्सुहारू मिसावा यांना शिखरावर नेले.

म्हणून उमेदवाराला एका रात्रीच्या लढतींचा क्रम लिहायला सांगावा आणि त्यात त्याने स्वतःला व आपल्या मित्रांना कुठे बसवले आहे, ते पाहावे.

रिंगच्या बाबतीत मात्र माजी मल्लाचाच शब्द अखेरचा मानावा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने कॅनव्हास निसरडा होतो, फळ्या फुगतात. ज्याने पाठीवर आपटी खाल्ली आहे, तो गुडघ्याने दाबत फळीन् फळी तपासतो.

हिशेब मात्र स्वतंत्र लेखापालाकडे द्यावा, आणि मल्लांचे मानधन त्याच रात्री चुकते करण्याची अट करारातच घालावी.