चेहऱ्याचे स्नायू सुदृढ ठेवण्यासाठी रोजचा सोपा व्यायाम कसा करावा

हातापायांचे स्नायू सहसा दोन्ही टोकांनी हाडांना जोडलेले असतात. चेहऱ्यावरचे हावभाव घडवणारे बरेचसे स्नायू मात्र एका टोकाने हाडाला आणि दुसऱ्या टोकाने थेट त्वचेला जोडलेले असतात. म्हणून तर नुसत्या भुवया उंचावल्या तरी कपाळावर आठ्या पडतात. त्यामुळे इथे एक पथ्य पाळायचं: स्नायूला काम द्यायचं, पण त्वचेला घडी पडू द्यायची नाही. घडी पडतेय असं वाटलं की तिथे बोटं हलकेच टेकवायची. नुसतं तोंड वेडंवाकडं करण्यात आणि व्यायामात फरक आहे तो हाच.

अपेक्षाही आधीच नीट ठरवून घ्याव्यात. वयानुसार गाल बसतात त्यात त्वचेखालची चरबी कमी होण्याचा वाटा मोठा असतो. स्नायू थोडा भरला तर ती पोकळी काहीशी झाकली जाते, एवढीच या व्यायामामागची कल्पना. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०१८ मधल्या अभ्यासात ४० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी आधी ८ आठवडे रोज अर्धा तास आणि नंतर २०व्या आठवड्यापर्यंत दिवसाआड असे व्यायाम केले. त्यांचे गाल वरच्या आणि खालच्या भागात अधिक भरीव दिसले. मात्र शेवटपर्यंत टिकलेल्या स्त्रिया १६च होत्या आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. आशा ठेवावी, पण चमत्काराची नको. रोजच्या वेळेतला मोठा हिस्सा गालांना द्यावा, असं मला वाटतं ते यामुळेच.

सुरुवात

हात आणि चेहरा स्वच्छ धुवा. कोरड्या त्वचेवर बोटं ओढली जातात, म्हणून थोडं क्रीम लावा. आरशासमोर पाठ ताठ ठेवून बसा आणि खांदे सैल सोडा. दातांवर दात दाबलेले नकोत. ओठ मिटलेले, दात किंचित विलग, जीभ सैल: प्रत्येक व्यायामानंतर याच स्थितीत परत यायचं.

गाल

१. तोंड उघडून ओठांचा लांबट गोल करा, ‘ओ’ म्हणताना होतो तसा. वरचा ओठ वरच्या दातांवरून आत वळवा.

२. ओठ तसेच ठेवून फक्त गालांनी हसा. डोळ्यांखाली गालाचा उंचवटा वर सरकलेला दिसेल.

३. त्या उंचवट्यावर दोन्ही हातांची बोटं अलगद ठेवा. दाबायचं नाही, स्नायू हलतोय की नाही, एवढंच बोटांना कळायला हवं.

४. गाल सावकाश खाली सोडा, पुन्हा वर उचला. असं १० वेळा. शेवटच्या खेपेला गाल १० ते २० सेकंद वरच धरून ठेवा.

सुरुवातीला एक गाल जास्त उचलला जातो. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो, त्यामुळे घाबरू नका. मागे राहणाऱ्या बाजूकडे आरशात बघत वेग आणखी कमी करा. डोळे बारीक होऊन कडेला सुरकुत्या पडत असतील तर जोर जास्त लागतोय. तो कमी करा. गालात हलकी उष्णता किंवा थकवा जाणवला की व्यायाम योग्य जागी लागतोय.

यानंतर तोंडात हवा भरून गाल फुगवा आणि ती हवा उजव्या गालातून डाव्या गालात, मग वरच्या ओठामागे, मग खालच्या ओठामागे फिरवा. दोन-तीन फेऱ्या पुरेत.

डोळे आणि कपाळ

तर्जनी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी टेकवा. त्वचा ओढू नका. आता फक्त खालची पापणी वर आणायचा प्रयत्न करा, क्षणभर थांबा, सोडा. १० वेळा. कपाळासाठी भुवयांच्या लगेच वर बोटं आडवी ठेवा आणि बोटांनी अडवत भुवया वर न्यायचा प्रयत्न करा. बोटांची पकड इतकी हवी की आठी पडणार नाही.

ओठ आणि हनुवटीखालचा भाग

आवाज न करता ‘ऊ’ आणि ‘ई’ सावकाश, आलटून पालटून म्हणा. मग जीभ टाळूला दाबून हनुवटी किंचित वर करा आणि ५ सेकंद धरा. हनुवटीखाली ताण जाणवेल. मानदुखी असेल तर हनुवटी वर न करता नुसती जीभ दाबा.

जबड्याला मात्र वेगळा व्यायाम देऊ नका. चावण्याचे स्नायू दिवसभर राबतातच. ताणामुळे दात आवळून धरणाऱ्यांचे तर जास्तच. त्यांना मोकळं करणं महत्त्वाचं. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोटांनी मिनिटभर गोलाकार हलका मसाज करा.

नवख्यांनी १० मिनिटांपासून सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवावा. फरक दिसायला आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीलाच एका ठरावीक उजेडात फोटो काढून ठेवा. उन्हाने त्वचा सैल पडते आणि सुरकुततेही, त्यामुळे सनस्क्रीन टाळून नुसत्या व्यायामावर भिस्त ठेवू नका.

जबड्यात दुखत असेल किंवा तोंड उघडताना तो अडकत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. बोटॉक्स, फिलर किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर आधी त्यांना विचारा. चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली, तोंड वाकडं झालं, तर व्यायामाच्या नादी न लागता तडक रुग्णालय गाठा.