नागपूरहून विमानाला खरा वेळ किती लागते, हिशोब असा काढा

सगळ्यात पहिले रस्त्याचे किलोमीटर विसरा. मुंबईचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे अन् मुंबईचं हवाई अंतर ६८० च्या आसपास, त्यामुळे तिथे खपून जाते, पण पुण्याला रोडने ७०० च्या वर होतात आणि सोनेगाव ते लोहगाव, म्हणजे आपल्या एअरपोर्टवरून पुण्याच्या एअरपोर्टपर्यंत, सरळ रेषेत ६०० च्या जवळपासच.

मोजायचं असं, कंप्युटरवर गूगल मॅप्स उघडा, आपल्या रनवेवर राइट क्लिक करून अंतर मोजायचा ऑप्शन घ्या, मग दुसऱ्या रनवेवर क्लिक करा, झालं. शहराच्या नावावर क्लिक करू नका बरं, कारण बंगळुरूचं एअरपोर्ट देवनहळ्ळीला आहे म्हणजे आपल्याकडून जाताना शहराच्या आधीच येते, अन् हैदराबादचं शमशाबादला, म्हणजे शहराच्या पलीकडे.

आता वेळ. जेट विमान वर गेलं की ताशी ८००-८५० किलोमीटरने जाते, म्हणून अंतराला ८०० ने भागा आणि विमान जमिनीवर रनवेपर्यंत अन् रनवेवरून जाते ते, हवेत चढणं, खाली उतरणं याचा अर्धा तास वरून टाका. मुंबईचे ५१ मिनिटं अधिक ३०, म्हणजे एक तास वीस मिनिटं. दिल्ली ८५० किलोमीटर, एक तास पस्तीस. हैदराबाद ४३० च आहे, जेटने तासाभरात व्हावं, पण त्या फेरीला एटीआर लागलं असेल तर ८०० च्या जागी ५०० ने भागा, पंख्याचं विमान आहे ते.

तिकिटावर यापेक्षा जास्त दिसेल, घाबरू नका. तिथली वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे जाऊन उभं राहिलं तोपर्यंतची असते, आणि मुंबई-दिल्लीला उतरायला नंबर लागतो म्हणून कंपन्या थोडा वेळ आधीच वाढवून धरतात. म्हणून तर कधी कधी विमान "वेळेआधी पोचलं" म्हणतात! हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात असतात, तेव्हा मुंबईहून येताना जरा लवकर होते.

दोहाचं मात्र वेगळं आहे, अंतर साधारण २८४० किलोमीटर, हिशोबाने चार तास, पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे निघायची वेळ पोचायच्या वेळेतून वजा केली तर दीड तासच येईल अन् तुम्ही घरच्यांना भलतंच सांगून बसाल. अडीच तास मिळवा त्यात.

बॅग टाकायची असेल तर देशातल्या विमानाचं काउंटर सहसा सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होते, सीताबर्डीहून मेट्रोने जात असाल तर तेही धरून चाला.

अन् मुंबईचं तिकीट काढताना कोड बघा, बीओएम (मुंबईचं जुनं एअरपोर्ट) की एनएमआय (नवी मुंबईचं). उडायला वेळ जवळपास तेवढाच, पण अंधेरीला जायचं असून स्वस्त दिसलं म्हणून नवी मुंबईचं घेतलं तर वाचवलेले पैसे टॅक्सीवाल्याला द्यावे लागतील.