किशोरवयीन मुलांमधला अ‍ॅस्पर्गर ओळखताना या चुका टाळा

"लहानपणी सगळं ठीक होतं, आता तेराव्या-चौदाव्या वर्षी अचानक काय झालं?" अनेक पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि पहिली चूकही इथेच होते. अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम, म्हणजे आज ज्याला ऑटिझम स्पेक्ट्रमचाच (लोकांशी संवाद आणि वागणं यांतल्या जन्मजात वेगळेपणाच्या अनेक रूपांचा) भाग मानतात ती अवस्था, किशोरवयात सुरू होत नाही. ती जन्मापासून असते, किशोरवयात फक्त उघडी पडते.

सहा-सात वर्षांच्या मुलांची मैत्री म्हणजे एकत्र पळणं, एकत्र खेळणं. कोणाशी आणि कधी खेळायचं, हेही बरेचदा मोठी माणसंच ठरवतात. तेराव्या वर्षी मात्र मैत्रीत टोमणे येतात, अर्धवट सोडलेली वाक्यं येतात, ग्रुप चॅटवरची थट्टा येते, कोण कोणावर रुसलंय हे न सांगता ओळखावं लागतं. हे इशारे ज्याला आपोआप कळत नाहीत, ते मूल इथे मागे पडतं. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम या अमेरिकी पुस्तिकेच्या 2013 च्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे डीएसएम-5 मध्येही हे नोंदवलेलं आहे: लक्षणं लहानपणापासून असतात, पण सामाजिक अपेक्षा मुलाच्या क्षमतेपलीकडे जाईपर्यंत ती पूर्णपणे दिसतीलच असं नाही.

म्हणून मागे वळून पाहा. बालवाडीत ते मूल इतरांबरोबर खेळायचं की इतरांच्या शेजारी बसून एकटंच? कपड्यांचे टॅग, मिक्सरचा आवाज, अन्नाचा विशिष्ट पोत यांचा त्याला असह्य त्रास व्हायचा का? ठरलेला बेत बदलला की दिवस हातचा जायचा का? यातलं काहीच नव्हतं आणि बदल खरोखरच अलीकडचा असेल, तर ऑटिझमआधी नैराश्य, शाळेतला छळ, एखादा आघात किंवा व्यसन या शक्यता तपासायला हव्यात.

"इतके चांगले मार्क पडतात, मग कसला ऑटिझम?"

अ‍ॅस्पर्गरचं वर्णनच असं आहे की बुद्धी सामान्य किंवा त्याहून जास्त असते आणि बोलायला उशीर झालेला नसतो. उलट शब्दसंग्रह वयाच्या मानाने मोठा असू शकतो. अडचण असते ती संवादाची देवाणघेवाण सांभाळण्यात. मूल आवडत्या विषयावर वीस मिनिटं बोलतं आणि समोरच्याने तीनदा घड्याळ पाहिलेलं त्याच्या लक्षात येत नाही. "दोन मिनिटांत येतो" म्हणणारा मित्र सातव्या मिनिटाला आला, की तो त्याच्या लेखी खोटं बोललेला असतो. शिक्षकांची चूक ते सगळ्या वर्गासमोर दाखवतं, कारण चूक ती चूक. हा उद्धटपणा समजून शिक्षा केली, तर मुलाच्या पदरी फक्त गोंधळ पडतो: मी खरं बोललो, मग रागावले का?

शाळेतलं शहाणं वागणं हा ऑटिझम नसल्याचा पुरावा धरणं

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या चुकीची, आणि तिचा फटका मुलींना अधिक बसतो. बरीच ऑटिस्टिक मुलं आपलं वेगळेपण झाकायला शिकतात. यालाच मास्किंग म्हणतात. एखादी मुलगी लोकप्रिय मैत्रिणीचं हसणं, हातवारे, बोलण्याची ढब हुबेहूब उचलते. उद्या काय बोलायचं याची आरशासमोर तयारी करते. डोळ्यांत पाहता येत नाही म्हणून भुवयांच्या मध्ये पाहते. शाळेत कोणाला काही कळत नाही. घरी मात्र दार लोटल्यावर स्फोट होतो: रडणं, किंचाळणं, क्षुल्लक कारणावरून भांडण. किंवा याच्या अगदी उलट, अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास नि:शब्द पडून राहणं.

शाळा म्हणते, "इथे तर काहीच त्रास नाही." नातेवाईक म्हणतात, "घरच्यांनी लाडावून ठेवलंय." आणि आईवडील स्वतःलाच दोष देत बसतात. खरं तर शाळा आणि घर यांतली ही तफावत हीच मोठी खूण असू शकते. मूल काय करून दाखवतं एवढंच पाहू नका. ते करताना त्याची किती दमछाक होते, तेही पाहा.

मुलींचे छंदही फसवतात. आगगाड्यांचं वेळापत्रक पाठ असणारा मुलगा पटकन नजरेत भरतो, पण एखाद्या गायिकेची किंवा घोड्यांची आवड असलेली मुलगी चारचौघींसारखीच वाटते. विषय सर्वसाधारण असतो, वेगळी असते ती त्यातली खोली आणि तीव्रता.

"याला भावनाच नाहीत"

हे वाक्य मुलाच्या कानावर पडू देऊ नका. ते खरंही नाही. अनेक ऑटिस्टिक मुलांना समोरच्याचं दुःख फार खोलवर लागतं, फक्त ते चेहऱ्यावर अपेक्षित पद्धतीने उमटत नाही. स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणंही काहींना अवघड जातं. "तुला काय वाटतंय?" याला आलेलं "माहीत नाही" हे उत्तर खरोखर प्रामाणिक असू शकतं. त्याऐवजी विचारून पाहा: छाती धडधडतेय का, पोटात दुखतंय का, आवाज नकोसा झालाय का? समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. ऑटिस्टिक नसलेल्यांनाही ऑटिस्टिक माणूस नीट कळत नाही.

एकच कारण शोधणं

चिंता, नैराश्य आणि एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता) ही ऑटिझमच्या जोडीने बरेचदा आढळतात. 2013 पूर्वीच्या डीएसएमच्या नियमांनुसार एडीएचडी आणि ऑटिझम ही दोन निदानं एकत्र देता येत नव्हती, आता येतात. त्यामुळे जुन्या अहवालात एकच नाव असेल तर दुसऱ्याची शक्यता संपत नाही. काही फरक मात्र उपयोगी पडतात. निव्वळ सामाजिक भीती असलेल्या मुलाला काय बोलायला हवं हे सहसा कळत असतं, धीर होत नाही. ऑटिस्टिक मुलाला बरेचदा तो प्रसंगच वाचता येत नाही. ओसीडीतले (मंत्रचळातले) विचार नकोसे असतात, छळतात. आवडीच्या विषयात बुडालेलं ऑटिस्टिक मूल मात्र आनंदात असतं.

ऑनलाइन चाचणीच्या गुणांवरून निकाल लावू नका, होकाराचा नाही आणि नकाराचाही नाही. अशा प्रश्नावल्या पुढे तपासणीची गरज आहे का एवढंच सुचवतात. निदान रक्ततपासणीतून किंवा मेंदूच्या स्कॅनमधूनही होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर बालपणाचा इतिहास, प्रत्यक्ष निरीक्षण आणि शाळेची माहिती एकत्र ठेवून ते करतात. जाताना एक वही न्या: काय घडलं, कधी, त्याआधी काय झालं होतं, सावरायला किती वेळ लागला. "विचित्र वागतो" यापेक्षा अशी चार पानं डॉक्टरांच्या कितीतरी जास्त कामाची.

अहवालात "अ‍ॅस्पर्गर" लिहिलेलं नसेल तर बिचकू नका. डीएसएम-5 ने हे नाव ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये सामावून घेतलं, 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 नेही (जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीनेही) तेच केलं. संगोपन किंवा लस हे कारण नाही. लसीचा संबंध जोडणारा 1998 चा शोधनिबंध 2010 मध्ये मागे घेतला गेला.

तपासणी मुलापासून लपवून करू नका. "तुला जे अवघड जातं ते का जातं, हे आपण मिळून समजून घेऊ" एवढं सांगितलं तरी पुरतं. आणि मूल स्वतःला इजा करत असेल किंवा जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल, तर निदानाची वाट पाहू नका. ऑटिस्टिक तरुणांमध्ये हा धोका जास्त असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, त्याला एकटं सोडू नका, ऑटिझम आहे की नाही हे नंतर पाहता येईल.